मागे राहिलेल्यांचा सिनेमा

आबा गेल्यानंतर चार महिन्यांनी मी त्यांना हसवलं.

त्यांचा एक पासपोर्ट साइझ फोटो घरात होता. सोसायटीच्या कर्जाच्या कागदासाठी इंदापुरातल्या स्टुडिओत काढलेला. डोक्यावर टोपी, गळ्यापर्यंत बटण लावलेला सदरा आणि सरकारी कामाला गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो ताण. पुण्यात माझ्या खोलीवर रात्री साडेअकराला मी तो फोटो एका ॲपमध्ये टाकला. मिनिटभरात आबांनी मान थोडी वळवली, पापण्या मिटून उघडल्या आणि ते हसले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, यामागचं गणित मला ढोबळमानानं कळतं. तरी घशात काहीतरी अडकलं.

व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. आत्यानं रडणारे इमोजी पाठवले, चुलतभावानं स्टेटसला ठेवला. त्या शनिवारी गावी गेलो तेव्हा आजीला फोनवर दाखवला. तिनं चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"ह्ये कुणाकडं बघून हसाय लागल्यात?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुणाकडं नाही, असंच हसतायत. तिनं फोन परत दिला. "आसं कुणाकडं न बघता हसत नव्हतं ते," म्हणाली आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली.

मी तो व्हिडिओ का बनवला, हे मला तेव्हाही माहीत होतं. आबांचा दहावा आम्ही नीरा नरसिंहपूरला केला होता. इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नीरा जिथं भीमेला मिळते तिथं. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. माणसं सावली धरून बसली. मग नेहमीप्रमाणे मनधरणी सुरू झाली. शेताचं बघू म्हटलं, आजीला सांभाळू म्हटलं. कावळा फांदीवर बसून राहिला. शेवटी एका काकांनी मला पुढं ढकललं. "नातवाचं लग्न बघायचं राहिलंय त्यांचं. म्हण की, घरच्यांच्या पसंतीनं वर्षाच्या आत लग्न करतो."

मी म्हटलं. कावळा शिवला. लोक सुटल्यासारखे उठले.

माझी एक मैत्रीण आहे, नांदेडकडची, आमच्यापेक्षा वेगळ्या जातीची. तिच्याशी लग्न करायचं आमचं ठरलेलं होतं आणि घरी कुणालाच माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा, डिग्री घेतलेला माणूस नदीकाठी उभा राहून एका पक्ष्याला शब्द देऊन आला होता. त्या शब्दाचं पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. फोटोतल्या आबांना हसताना बघायचं होतं, ते एवढ्यासाठीच.

त्या काळात मी रात्री जुने मराठी सिनेमे पाहायला लागलो. कारण साधं होतं, झोप येत नव्हती. पण एकामागून एक पाहताना लक्षात आलं की मी प्रत्येक सिनेमाला एकच प्रश्न विचारतोय. मेल्यावर माणूस कुठं जातो, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. तो गेल्यावर मागे राहिलेल्यांना त्याची काय किंमत मोजावी लागते आणि ती कोण मोजतं, हे मी शोधत होतो.

तंबूतलं वैकुंठ

आपल्या सिनेमाची सुरुवातच एका मुलाच्या मरणानं झाली आहे. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास मरतो. पडद्यावर का होईना, आपलं पोर मेलेलं दाखवायला कुणी तयार होईना, म्हणून दादासाहेब फाळक्यांनी स्वतःच्या मुलाला, भालचंद्रला, ते काम दिलं असं सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांनी 'सत्यवान सावित्री' काढला. दोन्ही गोष्टींत गेलेला जीव परत मिळतो. एकीत देव प्रसन्न होतात, दुसरीत बायको यमाशी वाद घालून नवऱ्याला सोडवून आणते. आपल्या पहिल्या सिनेमांत मरण म्हणजे असा हिशोब होता, जो शेवटी मिटायचा.

मग १९३६ साली 'प्रभात'नं 'संत तुकाराम' काढला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि नावाजला गेला. पण आमच्या भागात त्याचं मोठेपण व्हेनिसमुळे नाही. तो तंबूत आला, यामुळे आहे.

टुरिंग टॉकीज म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगावं लागतं. जत्रेच्या माळावर एक ट्रक यायचा. त्यात प्रोजेक्टर, रिळांचे डबे, जनरेटर आणि कापडाचा तंबू. जमिनीवर बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटलं की शिट्ट्या. या फिरत्या सिनेमावाल्यांचे शेवटचे दिवस 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात पाहायला मिळतात. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये काही वर्षं चित्रण करून बनलेला हा माहितीपट २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

आजीनं 'तुकाराम' अशाच तंबूत पाहिला, लग्नाआधी, माहेरच्या जत्रेत. तिला विमान आठवतं. शेवटी आकाशातून विमान उतरतं आणि तुकोबा सदेह वैकुंठाला जातात. बायका हात जोडून उभ्या राहिल्या होत्या, मागच्यांना दिसेना म्हणून भांडण झालं होतं. मी विचारलं, मग तुकोबा गेले तेव्हा तुला काय वाटलं? ती म्हणाली, "मला त्या आवलीचं वाटलं. तिच्या पोरांचं काय?"

मी सिनेमा पुन्हा पाहिला आणि आजीचं म्हणणं पटलं. गौरी या अभिनेत्रीनं केलेली आवली हाच त्या चित्रपटाचा जमिनीला टेकलेला पाय आहे. पोर आजारी पडल्यावर देवळात जाऊन थेट विठ्ठलावर चप्पल उगारणारी बाई ती. नवरा वैकुंठाला चल म्हणतो, तिला घर, पोरं, चूल यातून सवड नाही. चित्रपट तिची थट्टा करत नाही. विमान वर जातं, आणि तिचं जग खालीच राहतं.

त्या चित्रपटानं आणखी एक गोष्ट केली. तुकाराम महाराजांचं त्यांच्या हयातीतलं खात्रीचं चित्र आपल्याकडे नाही. पण आज कॅलेंडरवर, टेम्पोच्या काचेवर जो तुकाराम दिसतो, त्याच्यात बऱ्याचदा पागनिसांचा चेहरा डोकावतो. आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट स्वतः गेला, आणि त्याचा चेहरा संताला मिळाला. मेलेल्या माणसाच्या फोटोला हसवणारा मी काही पहिला नव्हे.

म्हातारा आणि घड्याळ

'तुकाराम'च्या पुढच्याच वर्षी त्याच 'प्रभात'मधून 'कुंकू' आला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी केलेला. नीराचा मामा तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, तिचं लग्न लावतो. शांता आपटेंची नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. ती रडत बसत नाही. या चित्रपटात ती लाँगफेलोची एक इंग्रजी कविता गाते आणि हात उगारणंही तिला जमतं.

विषय नवा नव्हता. म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्यावर देवलांनी 'संगीत शारदा' १८९९मध्येच लिहिलं होतं. 'कुंकू'नं वेगळं काय केलं? त्यानं म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. केशवराव दात्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत. ते हळूहळू समजत जाणारे गृहस्थ आहेत. भिंतीवरचं जुनं घड्याळ म्हणजे जणू तेच. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, त्यामुळे घरातले साधे आवाज, घड्याळाचे ठोके, अंगावर येतात. आपलं वय झालंय, हे एखाद्या माणसाला कसं कळतं? मराठी पडद्यावर याचं इतकं सरळ उत्तर त्याआधी मिळालं नव्हतं.

शेवटी काकासाहेब नीराला मोकळं करायला स्वतःचा जीव देतात.

पहिल्यांदा पाहताना मला हा शेवट उगाच ओढूनताणून आणलेला वाटला. मग थोडं वाचलं. मुंबई प्रांतात हिंदूंना कायद्यानं घटस्फोट मिळाला तो १९४७मध्ये, देशभरात १९५५मध्ये. आमच्याकडच्या बऱ्याच जातींत काडीमोड होती, पाट लावणं होतं. काकासाहेबांच्या पांढरपेशा घरात त्यातलं काहीच नव्हतं. १९३७ साली नीराच्या सुटकेचा रस्ता कायद्यात नव्हता. तो स्मशानातूनच जात होता. लेखकाकडे दुसरं दार असतं तर काकासाहेब कदाचित जगले असते.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. इथं हिशोब म्हाताऱ्यानं चुकता केला. तरुण मुलीला जगता यावं म्हणून वडीलधारा माणूस बाजूला झाला. पुढच्या ऐंशी वर्षांत असं फार वेळा घडलेलं मला दिसलं नाही.

स्वतःच्या पुतळ्यासमोर उभा असलेला माणूस

१९७२चा 'पिंजरा' टीव्हीवर इतक्यांदा लागलाय की तो आपल्याला फक्त लावण्यांचा सिनेमा वाटतो. पण त्याची गोष्ट भुताची आहे, आणि त्यातलं भूत जिवंत आहे. आदर्शवादी गुरुजी (डॉ. श्रीराम लागू) तमाशातल्या चंद्रकलेच्या (संध्या) नादी लागतात. एक खून होतो, चेहरा न ओळखू येणारं प्रेत सापडतं, आणि गाव समजतं की गुरुजीच गेले. गाव त्यांचा पुतळा उभारतं. इकडे गुरुजी तमाशाच्या फडात पडेल ते काम करत जगत असतात. शेवटी त्यांच्यावर खटला चालतो तो स्वतःच्याच खुनाचा. खरं सांगितलं तर सुटतील, पण मग पुतळा पडेल. ते गप्प राहतात.

म्हणजे मेलेल्या गुरुजींचं चांगलं नाव टिकावं म्हणून जिवंत गुरुजींनी मरायचं. जर्मन 'ब्लू एंजल'वरून सुचलेल्या या कथेत हा पुतळ्याचा भाग मात्र अस्सल इथला वाटतो. बारामती-इंदापूर रस्त्यानं कधीही जा, चौकाचौकांत पुतळे आणि फ्लेक्स. गेलेल्यांच्या नावानं संस्था, कारखाने, पतपेढ्या. आपल्याकडे माणूस गेला की त्याचं नाव कामाला लागतं. त्या नावाला सांभाळणं हे मग जिवंत माणसांचं काम होऊन बसतं.

याच्या अगदी उलट गोष्ट जब्बार पटेलांच्या 'सामना'त आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, १९७५च्या बर्लिन महोत्सवात गेलेला चित्रपट. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याच्या जोरावर गाव चालवणारा माणूस. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्यासमोर एक दारुडा, थकलेला मास्तर उभा राहतो. पुन्हा लागूच. तो एकच प्रश्न विचारत राहतो: मारुती कांबळेचं काय झालं? मारुती कांबळेचा पुतळा नाही, फ्लेक्स नाही. तो फक्त एका म्हाताऱ्याच्या प्रश्नात उरलाय. मला वाटतं, मराठी सिनेमातलं मरणोत्तर आयुष्य इतकं खरं क्वचितच दिसतं. मेलेला माणूस इथं कुणाकडून काही मागत नाही. एक जिवंत माणूस आपणहून त्याची आठवण ठेवतो, एवढंच.

आणि आपल्या पिढीचं भूत? ते अर्थातच तात्या विंचू. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा, तरी त्याचा मृत्युंजय मंत्र मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. लहानपणी फक्त भीती आणि हसू. आता पाहिल्यावर गोष्टीचा सांगाडा दिसतो. मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात अडकलाय, आणि सुटायचं तर त्याला लक्ष्याचं शरीर हवंय. जुन्या माणसाला पुढं जगायला तरुणाचं अंग लागतं. विनोदी सिनेमात ही गोष्ट इतक्या उघडपणे सांगता येते, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही.

कावळा

२०१२च्या 'काकस्पर्श'पाशी मात्र मी थांबलो. अर्ध्यातच बंद केला, दोन दिवसांनी उरलेला पाहिला. उषा दातारांच्या कथेवरचा महेश मांजरेकरांचा हा सिनेमा कोकणातल्या ब्राह्मण घरात घडतो, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात. आमच्या घराशी त्याचा काही संबंध नाही, कावळा सोडून.

लहान वयात लग्न झालेल्या उमेचा नवरा महादेव मरतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही. मोठा भाऊ हरी (सचिन खेडेकर) पुढं होऊन पिंडाजवळ काहीतरी पुटपुटतो आणि कावळा शिवतो. तो काय म्हणाला, हे आपल्याला शेवटाकडे कळतं. उमेला दुसऱ्या कुणाचा स्पर्श होऊ देणार नाही, असा शब्द त्यानं गेलेल्या भावाला दिलेला असतो. तो शब्द तो आयुष्यभर पाळतो. तिचं केशवपन होऊ देत नाही, तिला जपतो, आणि तिच्यावर प्रेम असूनही तिच्यापासून लांब राहतो. शब्द दिला हरीनं. तारुण्य गेलं उमेचं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सिनेमागृहात लोक हरीच्या त्यागानं हेलावून गेले असतील. मी मोबाइलच्या स्क्रीनवर पाहत होतो आणि मला नरसिंहपूरचं ऊन आठवत होतं. मीही शब्द दिला होता. त्याची किंमत मोजणारी मुलगी तेव्हा पुण्यात ऑफिसात होती, आणि तिला काही माहीतही नव्हतं.

मृत साठा

२९ एप्रिल २०१६ला 'सैराट' आला तेव्हा मी बारामतीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सिनेमा आमचाच होता. त्यातला करमाळा म्हणजे इंदापूर तालुक्यातून पाहिलं तर उजनीच्या पाण्यापलीकडचा किनारा. आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, नीरेपलीकडच्या अकलूजची. वर्गातल्या पोरांनी तो तीन-तीनदा पाहिला. मी दुसऱ्यांदा आजीला घेऊन गेलो. तिनं कित्येक वर्षांत थिएटर पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. उजनी धरण मृत साठ्याच्याही खाली गेलं होतं. मृत साठा म्हणजे कालव्याच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीचं पाणी, जे आपोआप वाहून बाहेर येऊ शकत नाही. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृत साठ्यात मोडतं. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं. १९८०च्या सुमाराला धरण भरलं तेव्हा भीमाकाठची गावं त्यात गेली, त्यात आजीचं माहेरही गेलं. जिथं तिनं तंबूत 'तुकाराम' पाहिला तो जत्रेचा माळ आज पाण्याखाली आहे. त्या मे महिन्यात पाणी इतकं हटलं की जुन्या घरांची जोती दिसत होती आणि लोक मोटरसायकलवरून ती बघायला जात होते.

'सैराट'चा पहिला अर्धा भाग म्हणजे मराठी पडद्यावर तारुण्याला मिळालेली सगळ्यात मोकळी जागा. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेटवर बसणारी आर्ची, विहिरीत उड्या मारणारी पोरं. आजी हसत होती. आर्ची ट्रॅक्टर घेऊन आली तेव्हा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आशी पायजे."

शेवट सगळ्यांना माहीत आहे. आर्चीचा भाऊ आणि माणसं आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन येतात. मग आवाज बंद होतो. लहान पोर शेजारणीबरोबर बाहेरून येतं, आत जातं, आणि रक्तात भरलेल्या पावलांनी बाहेर पडतं. थिएटरात जनरेटरची घरघर ऐकू येईल इतकी शांतता होती.

या शेवटाबद्दल एक गोष्ट पुष्कळदा सुटते. मारायला आलेले हातही तरुणच आहेत. प्रिन्स आर्चीचा भाऊ आहे, कॉलेजच्या वयाचा. घराण्याचं नाव नावाचा जो पुतळा आहे, तो सांभाळायला एका तरुणानं दुसऱ्या दोघांना मारलं. 'पिंजरा'त पुतळ्यासाठी गुरुजी स्वतः मेले. 'काकस्पर्श'मध्ये शब्दासाठी उमेचं आयुष्य गेलं. इथं नावासाठी दोन जीव गेले आणि तिसरा अनवाणी रस्त्यावर आला. 'कुंकू'तला काकासाहेब ज्या जागी स्वतः बाजूला झाला होता, तिथं आता कुणीच बाजूला व्हायला तयार नाही.

आजी एसटीत इंदापूरपर्यंत काही बोलली नाही. मला वाटलं, तिला सिनेमा सहन झाला नाही, उगाच आणलं. स्टँडवर उतरल्यावर तिनं विचारलं, "त्या पोराला मग कुणी उचाललं?"

मी म्हटलं, तिथंच संपला सिनेमा.

"सिनेमा संपला रं. पोराला कुणी तरी उचाललंच आसंल की."

तेव्हा मला ते म्हातारीचं भोळं बोलणं वाटलं होतं. तंबूत विमानाकडे न बघता आवलीच्या पोरांची काळजी करणारी हीच बाई होती, हे मला फार उशिरा जुळलं.

पोराला कुणी उचललं

या प्रश्नाला इतिहासात एक उत्तर आहे, आणि ते दरवर्षी आमच्या दारावरून जातं.

तुकोबांचं वैकुंठगमन १६५०चं मानलं जातं. परंपरा सांगते की तेव्हा आवली गरोदर होती. नवरा गेल्यावर जन्मलेला तो मुलगा म्हणजे नारायण महाराज. त्यांनीच १६८५मध्ये वडिलांच्या पादुका पालखीत घालून देहूहून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. ज्यानं बापाला पाहिलंही नाही, त्या पोरानं बापाला खांद्यावर घेतलं. पोराला वाढवलं विमानात न बसलेल्या बाईनं.

ती पालखी आषाढात बारामतीला मुक्कामाला येते. तिथून काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेत पादुकांना स्नान. मग ती नदी ओलांडून अकलूजला जाते, म्हणजे आर्चीच्या गावाला. 'तुकाराम'मधलं वैकुंठ मी कधी पाहिलेलं नाही. पण तुकोबा गेल्यावर कुठं राहतात ते मला माहीत आहे. ते रस्त्यावर असतात, आणि चालणारे पाय जिवंत माणसांचे असतात.

यंदा पालखीला मी सुट्टी काढून गावी गेलो. आजी पहाटेपासून भाकऱ्या थापत होती, वारकऱ्यांना द्यायला. चुलीपुढं बसून मी तिला सगळं सांगितलं. मैत्रिणीचं, तिच्या जातीचं, आणि कावळ्याला दिलेल्या शब्दाचं. म्हटलं, आबांना शब्द दिलाय, मोडला तर काय होईल?

तिनं भाकरी उलटली. "आबास्नी कवा दिला? तू काकाला दिला." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "आबाचं नाव मधी घालू नगं. तुझं तू बोल. भांडण व्हईल, व्हऊ दे. मी हाय." नांदेडकडं भाकरी ज्वारीचीच करतात ना, हेही तिनं विचारलं.

घरात अजून काही ठरलेलं नाही. काका बोलत नाहीत, वडील ऐकून घेतात आणि रानात निघून जातात. मैत्रिणीला मी नरसिंहपूरची गोष्ट सांगितली तेव्हा ती आधी हसली आणि मग दोन दिवस बोलली नाही. ते बरोबरच होतं. शब्द तिच्या आयुष्याचा होता.

हसणारा व्हिडिओ मी ग्रुपवरून काढून टाकला. त्याऐवजी आजीला दुसरा एक दाखवला, जो माझ्या फोनमध्ये दोन वर्षं पडून होता आणि ज्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. अकरा सेकंदांचा आहे. मी विहिरीवर रील बनवत होतो, मागून आबा येतात, कॅमेऱ्यामागच्या माझ्याकडे बघून चिडून हात करतात आणि म्हणतात, पाणी पाटाच्या बाहेर चाललंय, आधी मोटार बंद कर. तेवढ्यात मी रेकॉर्डिंग थांबवलेलं आहे.

आजीनं तो चार वेळा पाहिला. पाचव्यांदा मला म्हणाली, "मग? क्येली का न्हाई बंद?"